अंगणातली कीड मारायची, पण मधमाश्या वाचवायच्या: अमेरिकेतले नवे कायदे नेमकं काय थांबवतात?

जून २०१३. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं विल्सनव्हिल हे छोटं शहर. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाड्या लावणाऱ्यांना डांबरावर मेलेल्या बंबलबी दिसायला लागल्या. बंबलबी म्हणजे मधमाशीच्याच कुळातली, जाडजूड, अंगभर केस असलेली माशी. आधी दहा-वीस, मग शेकडो. तपास झाला तेव्हा आकडा ५० हजारांच्या घरात गेला होता. अमेरिकेत एका ठिकाणी एवढ्या बंबलबी मेल्याची नोंद त्याआधी नव्हती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पार्किंगमध्ये सावलीसाठी लिंडनची झाडं लावलेली होती. त्यांच्यावर मावा पडला होता. मावा पानांतला रस शोषतो आणि गोडसर चिकट द्रव खाली टाकतो. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असेल. त्या चिकटपणाचा त्रास नको म्हणून झाडांवर डायनोटेफ्युरान नावाचं कीटकनाशक फवारलं गेलं. झाडं त्या वेळी ऐन फुलोऱ्यात होती आणि लिंडनचं फूल बंबलबींना फार आवडतं. पुढे कित्येक दिवस येणाऱ्या माश्या मरतच राहिल्या. शेवटी ५५ झाडांवर जाळ्या टाकाव्या लागल्या.

म्हणजे गाड्यांच्या काचा पुसायचे कष्ट वाचावेत म्हणून हे सगळं घडलं. माव्याने त्या झाडांचं मोठं नुकसान होणार नव्हतं. पाण्याचा जोरदार फवारा मारला असता किंवा काहीच केलं नसतं, तरी झाडं उभीच राहिली असती.

या घटनेनंतरच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांनी घरच्या बागेत वापरायच्या कीटकनाशकांवर कायदे केले. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही त्यांतली मोठी राज्यं. दोन्हीकडे मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि त्यांच्या घरामागे बहुतेकदा अंगण, हिरवळ, गुलाब आणि हौसेने लावलेला कढीपत्ता असतो. तिथल्या बागसामानाच्या दुकानात पूर्वी सहज मिळणारी काही औषधं आता मिळत नाहीत. ती का गेली आणि ती गेल्याने मधमाश्या खरंच वाचतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

झाडाच्या आत शिरणारं औषध

डायनोटेफ्युरान हे निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक आहे. नाव लांबलचक असलं तरी त्यात ओळखीचा शब्द दडलेला आहे, निकोटिन. तंबाखूतलं निकोटिन किड्यांच्या मज्जासंस्थेवर जसा परिणाम करतं, त्याच जागी ही रसायनंही काम करतात. सस्तन प्राण्यांच्या मानाने कीटकांवर त्यांचा परिणाम कितीतरी जास्त होतो. म्हणूनच १९९० च्या दशकात ती बाजारात आली तेव्हा जुन्या, माणसाला घातक असलेल्या औषधांना चांगला पर्याय म्हणून त्यांचं स्वागत झालं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही याच कुटुंबातली नावं. आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला यातली पहिली दोन तरी पाठ असतात.

या गटाची दुसरी खासियत म्हणजे ही औषधं आंतरप्रवाही आहेत. पानावर पडून ती तिथेच थांबत नाहीत. मुळाशी ओतली, बियाण्याला चोळली किंवा खोडात टोचली तरी रसाबरोबर झाडभर फिरतात. पान खाणारा किंवा रस शोषणारा किडा मरतो. शेतकऱ्याला हे सोयीचं वाटतं, कारण पानाच्या मागच्या बाजूला लपलेला मावाही सुटत नाही. पण रस जसा पानात जातो तसा फुलातही जातो. मकरंदात आणि परागात औषधाचा अंश उतरतो.

इथेच साध्या फवाऱ्याचा हिशोब चुकतो. ‘संध्याकाळी फवारा, सकाळपर्यंत वाळेल, माश्यांना काही होणार नाही’ हा सल्ला पुष्कळ औषधांना लागू पडतो. झाडाच्या आतच असलेल्या औषधाला तो लागू पडत नाही. इमिडाक्लोप्रिड मातीत काही महिने, परिस्थितीनुसार वर्षाहूनही जास्त टिकू शकतं. झुडपांत आणि मोठ्या झाडांत ते पुढच्या बहारापर्यंत राहू शकतं. गेल्या पावसाळ्यात कुंडीत ओतलेलं औषध या वर्षीच्या फुलात असू शकतं, आणि ओतणारा ते केव्हाच विसरलेला असतो.

प्रत्येक माशी लगेच मरते असंही नाही. थोड्या मात्रेने तिला परतीची वाट सापडेनाशी होते, अन्न गोळा करण्याचा वेग मंदावतो, बंबलबीच्या वसाहतीत नव्या राण्या कमी तयार होतात. पार्किंगमधल्या मेलेल्या माश्या निदान दिसतात तरी. वाट चुकून कुठेतरी पडलेली माशी कोणी मोजत नाही.

कायद्यांनी काय बदललं?

विल्सनव्हिलच्या घटनेनंतर ओरेगनने आधी डायनोटेफ्युरान असलेल्या उत्पादनांच्या वापरावर तात्पुरती बंदी घातली. पुढे लिंडन जातीच्या झाडांवर या गटातली चार औषधं कुठल्याही पद्धतीने वापरायची नाहीत असा नियम केला. देशपातळीवर पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्येच या औषधांच्या लेबलवर मधमाशीचं चिन्ह आणि स्पष्ट इशारा छापायला लावला.

मग राज्यांची रांग लागली. मेरीलँड आणि कनेटिकट यांनी २०१६ मध्ये सामान्य ग्राहकाच्या हातातली या औषधांची बाटली काढून घेणारे कायदे केले. मेन, न्यू जर्सी, कोलोरॅडो, नेव्हाडा त्यांच्या मागून आले. न्यू जर्सीच्या कायद्यावर जानेवारी २०२२ मध्ये सही झाली. शेतीबाहेरचा, उघड्यावरचा वापर त्याने जवळपास बंद केला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बागेत, हिरवळीवर किंवा शोभेच्या झाडांवर ही औषधं फक्त परवानाधारक व्यक्तीच वापरू शकते. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठीचे पट्टे किंवा घराच्या आतला वापर यात येत नाही.

युरोपीय संघाने उलट दिशेने सुरुवात केली होती. २०१३ मध्ये काही पिकांवर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापरच बंद केला. बंदिस्त हरितगृहांना तेवढी मुभा ठेवली.

आता विल्सनव्हिलकडे परत जाऊ. तिथे औषध कोणी फवारलं होतं? रविवारी सुट्टीच्या दिवशी हातात बाटली घेऊन अंगणात उतरलेल्या हौशी माणसाने नव्हे. परवाना असलेल्या व्यावसायिकाने. फुलोऱ्यात फवारू नये ही सूचना तेव्हाही लेबलवर होती, ती पाळली गेली नाही. दंड झाला तो काहीशे डॉलरचा. पुढच्याच वर्षी याच राज्यात यूजीन शहरात पुन्हा फुललेल्या लिंडनवर फवारणी झाली आणि पुन्हा माश्या मेल्या. तीही व्यावसायिकानेच केली होती.

म्हणजे ‘सामान्य माणसाला बंदी, परवानाधारकाला मुभा’ या धर्तीचा कायदा विल्सनव्हिलची घटना टाळू शकला नसता. ओरेगनचा दुसरा नियम मात्र टाळू शकला असता, कारण तो माणसाकडे बघत नाही, झाडाकडे बघतो. हे झाड माश्यांचं आहे, त्याला हे औषध नाही, एवढंच तो म्हणतो. तपासायलाही सोपा. मला हा साधा नियम बाकीच्या कायद्यांपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

याचा अर्थ घरगुती वापरावरची बंदी निरुपयोगी आहे असा नाही. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या औषधांच्या लेबलवर एका झाडामागे सुचवलेली मात्रा शेतातल्या मात्रेपेक्षा कैक पटींनी जास्त असू शकते, हे झेर्सेस सोसायटी या कीटक संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेने आपल्या अहवालात दाखवलं होतं. शिवाय घरचा माणूस ‘थोडं जास्त टाकू, लवकर जाईल’ असा विचार करतो. शेतकरी औषधाच्या खर्चाकडे बघून हात आखडता घेतो. गुलाबाची चार झाडं असलेल्याला तेवढी काटकसर करायचं कारण नसतं.

तरीही आकाराने सगळ्यात मोठा वापर शेतातच होतो, आणि तोही बियाण्याला आधीच चोळलेल्या औषधाच्या रूपात. मका आणि सोयाबीनच्या बियाण्याला कीड असो वा नसो, लेप लागलेलाच येतो. बहुतेक राज्यांनी या प्रश्नाला हात घातला नाही. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२३ मध्ये तो घातला. मका, सोयाबीन आणि गव्हाच्या लेप दिलेल्या बियाण्यावर २०२९ पासून बंदी येणार आहे. त्याआधी कॉर्नेल विद्यापीठाने एक सविस्तर अहवाल दिला होता. सरसकट लेपामुळे मका आणि सोयाबीन उत्पादकाचं निव्वळ उत्पन्न वाढतंच असं दिसत नाही, असा त्याचा एक निष्कर्ष होता. व्हरमाँटने २०२४ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून असाच कायदा केला. अंगणातल्या बाटलीवर बंदी घालायला राजकीय किंमत फारशी मोजावी लागत नाही. बियाण्याच्या पोत्यावर घालायला लागते.

डासांच्या फवाऱ्याचं काय?

अमेरिकन अंगणांत डासांसाठीही फवारणी होते. वर्गणी भरली की उन्हाळाभर दर दोन-तीन आठवड्यांनी माणूस येतो आणि झुडपांवर, कुंपणावर बायफेन्थ्रिनसारखं औषध मारून जातो. हे पायरेथ्रॉइड गटातलं आहे. शेवंतीच्या नात्यातल्या एका फुलात मिळणाऱ्या द्रव्याची ही कृत्रिम भावंडं. निओनिकोटिनॉइडवरचे कायदे त्यांना शिवतही नाहीत, आणि मधमाश्यांना मात्र ती अत्यंत विषारी असतात.

डासांच्या बाबतीत वेळेला किती महत्त्व आहे हे दक्षिण कॅरोलायनातल्या डॉर्चेस्टर काउंटीत दिसलं. २०१६ मध्ये झिकाची भीती होती. परदेशातून आलेले चार रुग्ण तिथे सापडले होते. २८ ऑगस्टला, रविवारी सकाळी विमानातून नेलेड नावाचं औषध फवारलं गेलं. वेळ साडेसहा ते साडेआठची. ऑगस्टमधल्या उजेडात मधमाश्या तेव्हा कामाला लागलेल्या असतात. एका मधपालाच्या ४६ पेट्यांतल्या सुमारे २५ लाख माश्या मेल्या. नेलेड लवकर विरघळून जाणारं औषध आहे. तेच रात्री, माश्या पेटीत असताना मारलं असतं आणि मधपालांना आधी कळवलं असतं तर त्यांना पेट्या झाकता आल्या असत्या.

दोन घटना शेजारी ठेवल्या की फरक कळतो. डॉर्चेस्टरमध्ये चूक वेळेची होती, ती घड्याळ बघून टाळता आली असती. विल्सनव्हिलमध्ये औषधच असं होतं की फुललेल्या झाडावर त्याला योग्य वेळ नव्हतीच. बाटली हातात घेताना आधी हे विचारायला हवं: हे वरवरचं आहे की आंतरप्रवाही?

डासांसाठी तर झुडपावर फवारणं मुळात उलटं काम आहे. डास पाण्यात वाढतात. कुंडीखालची ताटली, जुना टायर, तुंबलेली पन्हळ हे रिकामं केलं की बरंचसं काम होतं. जिथे पाणी काढता येत नाही तिथे बीटीआय नावाच्या जिवाणूची वडी टाकतात. डासांच्या अळ्यांनी ती खाल्ली की त्या मरतात, मधमाशीला तिचं काही होत नाही. आपल्याकडे महापालिका ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतात आणि हौदात गप्पी मासे सोडतात, ते शास्त्राला धरूनच आहे. संध्याकाळच्या धुराच्या गाडीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पुण्या-मुंबईची गच्ची

आपल्याकडे घरामागचं अंगण कमी झालं, पण गच्ची आणि गॅलरीतली बाग वाढली. इमिडाक्लोप्रिडची छोटी बाटली ऑनलाइन मागवता येते, कृषी सेवा केंद्रात तर मिळतेच. भारतात कीटकनाशकांचा कारभार अजून १९६८ च्या कायद्यावर चालतो. विक्रेत्याला परवाना लागतो, व्यावसायिक पेस्ट कंट्रोलवाल्याला लागतो. घरच्या बागेत वापरणाऱ्याला लागत नाही.

या बाटल्यांवर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बहुतेक लोक त्यावरून औषध ‘कडक’ की ‘सौम्य’ ते ठरवतात. पण हा त्रिकोण माणसासाठीचा धोका सांगतो. तो उंदरांवरच्या चाचण्यांवरून ठरतो, मधमाश्यांवरच्या नाही. थायामेथोक्झामची पावडर निळ्या त्रिकोणात येते, म्हणजे उतरत्या क्रमात तिसऱ्या. युरोपने मधमाश्यांसाठी उघड्या शेतातून हद्दपार केलेल्या तिघांपैकी हे एक. ‘निळा आहे ना, मग चालेल’ म्हणून ते फुललेल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतणारा माणूस आपल्या परीने सावधच असतो. त्रिकोण त्याला मधमाशीबद्दल काही सांगतच नाही.

‘नैसर्गिक’ हा शब्दही असाच फसवा. स्पिनोसॅड जिवाणूपासून मिळतं, सेंद्रिय शेतीत अनेक देशांत चालतं, आणि ओलं असेपर्यंत मधमाशीला जबर विषारी असतं. वाळल्यावर धोका बराच उतरतो. कडुनिंबाचं तेल त्या मानाने पुष्कळ बरं, पण तेही उघड्या फुलावर भर दुपारी मारायचं नसतं. साबणाच्या पाण्याची गंमत अशी की ते फक्त अंगावर पडलेल्या किड्यालाच मारतं. वाळलं की त्यात काही उरत नाही. म्हणून ते पानांच्या मागच्या बाजूला, दिवेलागणीनंतर मारावं. भांड्याच्या कडक साबणाने कोवळी पानं करपतात, आधी एका फांदीवर करून बघावं.

पण त्याही आधी किडा ओळखायला हवा, आणि आपलं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. लिंबाच्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, मग मोठी होऊन हिरवीगार झालेली अळी सापडली की ती चिरडली जाते. ती लिंबू फुलपाखराची असू शकते. क्वचित नीलवंताचीही असू शकते. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. आठ-दहा पानं गेली तर लिंबाचं झाड मरत नाही. अळ्या फारच झाल्या तर हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवता येतात.

जास्वंदीवरचा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, हे मात्र खरं दुखणं. तिथेही आधी मुंग्यांकडे बघावं. मिलीबगच्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. मुंग्यांची वाट बंद केली की अर्धी लढाई सोपी होते. मग पाण्याचा जोरदार फवारा, जास्त माखलेल्या फांद्या छाटणं, उरलेल्यावर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस. या पांढऱ्या पुंजक्यांत एखादा पुंजका जास्त मोठा आणि भराभर चालणारा दिसला तर त्याला सोडून द्यावं. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असू शकते. ती दिसायला मिलीबगसारखीच असते आणि मिलीबगच खाते. द्राक्ष बागायतदार हे किडे मुद्दाम विकत आणून सोडतात.

एवढं करूनही आंतरप्रवाही औषध वापरावंच लागलं, तर ते फुलं न येणाऱ्या शोभेच्या झाडापुरतं ठेवावं. नर्सरीतून आणलेल्या फुलझाडात ते आधीच असू शकतं, त्यामुळे विकत घेताना विचारायला हरकत नाही. उत्तर मिळेलच असं नाही.

गच्चीवर दुधी किंवा भोपळा लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: फुलं भरपूर येतात, छोटं फळ धरतं आणि पिवळं पडून गळतं. खताची मात्रा वाढवून बघतात, औषध मारून बघतात. पुष्कळदा कारण एवढंच असतं की मादी फुलावर वेळेत परागकण पोचलेले नसतात. मग सकाळी उठून नर फूल तोडून हाताने मादी फुलावर फिरवायचं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तिथे हेच काम अंधारात पतंग करतात. शेजारच्या सोसायटीने गेल्या महिन्यात आग्या मोहोळ रात्री औषध मारून पाडलेलं असतं, आपण स्वतः जास्वंदीच्या कुंडीत इमिडाक्लोप्रिड ओतलेलं असतं, आणि भोपळ्याच्या फुलावर ब्रश फिरवायचं काम आपल्या वाट्याला आलेलं असतं.